बाळंतपणाआधी विचारलेलं बरं

सून सातव्या महिन्यात आहे, हिमोग्लोबिन 7.8. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून तिने त्या सोडल्या. बीट-पालक देतोय, पुरेल का? (एक सासूबाई, काटोल)

काकू, नाही पुरणार. बीट-पालक द्याच, पण दोन महिन्यांत एवढी तूट ताटातून भरून निघत नाही. शौच काळी होते ती लोहामुळेच, त्याला घाबरू नका. गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्यासोबत द्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. आपल्याकडे गोळी हमखास सकाळच्या चहासोबत जाते, मग बरंचसं लोह अंगी लागतच नाही. तरीही सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, तेही रुग्णालयातच. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते, पण तिची वाट पाहू नका. याच आठवड्यात जा.

आणि सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली का, ते विचारा. विदर्भात रक्त कमी म्हटलं की हा प्रश्न आधी. सुनेला आजार असेल तर लोह किती, हे डॉक्टरच ठरवतील. ती वाहक निघाली तर तुमच्या मुलाचंही रक्त तपासा. दोघंही वाहक असले तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.

आठवा महिना, पायांवर सूज, डोकं दुखतं. घरचे म्हणतात, असं होतंच. (कामठी)

ताई, नुसती सूज अनेकींना येते. डोकेदुखी जोडीला आली की आजच बीपी मोजून घ्या. 140/90 किंवा वर असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल, तर ती रात्र घरी काढू नका.

उपकेंद्रात बाळंतपणं होतात. नंतरचा रक्तस्राव वेळीच कसा ओळखावा? (आरोग्यसेविका, भिवापूर तालुका)

सिस्टर, हा प्रश्न विचारलात याचं मला फार बरं वाटलं. रक्त चादरीत मुरतं, फरशीवर पसरतं, आणि अनुभवी डोळाही ते कमीच धरतो. बाळ झाल्याबरोबर कमरेखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी पसरा. अर्धा लिटर झालं की वाट पाहायची नाही, उपचार सुरू करायचे. आफ्रिकेतल्या चार देशांत अशी पिशवी वापरून लगेच सगळे उपचार एकत्र सुरू केले, तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारी हानी 60 टक्क्यांनी घटली. हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरं, तुमचं ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय घट्ट करून रक्त थांबवणारं इंजेक्शन, कुठे ठेवलंय? एका ग्रामीण रुग्णालयात मी काम करत असताना इंजेक्शन दिलं तरी एका बाईचं गर्भाशय घट्ट होईना. खोका हातात घेतला तर कोमट. मे महिना, आणि कपाट खिडकीशी. ती वाचली, पण त्या खोक्याची ऊब माझ्या तळहातावरून गेलेली नाही. हे औषध 2 ते 8 अंशांत राहायला हवं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, साध्या कपाटात ते टिकत नाही. लशींच्या फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यात, ठळक चिठ्ठी लावून ठेवा. वीज फार वेळ जाणार असेल तर त्याच कामाच्या मिसोप्रोस्टोलच्या गोळ्या हाताशी असू द्या, त्यांना फ्रिज लागत नाही. मात्रा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून आधीच लिहून भिंतीवर लावा.

पहिलं बाळंतपण माहेरी, पारशिवनीजवळच्या गावात. काय तयारी करू?

माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या, आणि पोहोचल्या दिवशीच तिथल्या आशाताईंना भेटा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत असते. रुग्णवाहिकेचे 102 आणि 108 हे नंबर आईच्याही मोबाइलमध्ये टाका. रात्री गाडी उशिरा आली तर? म्हणून गावातल्या एका गाडीवाल्याचा नंबर आणि तुमच्या रक्तगटाच्या दोघांची नावं त्याच कार्डाच्या मागे पेनाने लिहा.