रिस्क घेताना हुशार माणूस पण का गडबडतो? आमच्या बिल्डिंगचा अनुभव

तुम्ही विचारलंय की शिकलीसवरलेली माणसं रिस्कचा प्रश्न आला की अशी विचित्र का वागतात, डोकं कमी पडतं, भावना आड येतात की मुळात स्वभावच तसा असतो. मी काही सायकॉलॉजीवाला नाही, अकाउंट्समध्ये आहे, पण मुलुंडला आमची १९७४ ची तीन मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा दोन वर्षं कमिटीत होतो, आणि लोकांचं वागणं बघून चक्रावलो म्हणून या विषयावर थोडंफार वाचलं.

स्वभावाचं आधी उरकतो. आमच्या शेजारचा मुलगा रोज फास्ट लोकलच्या दारात लटकून भायखळ्याला जातो आणि पैसे मात्र सगळे एफडीत. आता हा धाडसी म्हणायचा की भित्रा? एल्के वेबर ही सायकॉलॉजिस्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेच मांडलंय, की पैसा, तब्येत, खेळ, चारचौघांतलं वागणं अशा प्रत्येक ठिकाणी एकाच माणसाची रिस्क घ्यायची तयारी वेगवेगळी असते. त्यामुळे 'मी रिस्क घेणाराच नाही' असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कशातली?

खरी गंमत भावनांची. आमच्याकडे दोन बिल्डरांच्या ऑफर होत्या, एकाची ४० टक्के जादा कार्पेट (घरातली वापरायची जागा) पण काम चालू असताना बाहेर राहायचं भाडं महिन्याच्या महिन्याला, दुसऱ्याची २८ टक्केच पण बँक गॅरंटी आणि वर्षाचं भाडं आगाऊ. पहिल्या मीटिंगला सुरुवातीलाच जुन्या रिपेअर फंडाच्या हिशोबावरून तासभर भांडण झालं, आणि त्याच तापलेल्या डोक्याने अर्ध्याहून जास्त लोक म्हणाले चाळीसवाल्यालाच द्या, काय व्हायचं ते होऊ दे! नंतर लर्नर आणि केल्टनर यांचं २००१ चं काम वाचलं तेव्हा उलगडा झाला. भीती आणि राग दोन्ही वाईटच भावना, पण परिणाम उलटे. घाबरलेल्याला धोका मोठा दिसतो, चिडलेल्याला छोटा, कारण रागात सगळं आपल्या हातात आहे असं वाटतं.

भीतीचा नमुना घरातच होता. कोणी गोरेगावच्या पत्रा चाळीचं नाव काढलं, रिडेव्हलपमेंट रखडून ती ६७२ कुटुंबं कशी वर्षानुवर्षं घराबाहेर राहिली वगैरे, की आई लगेच 'आपलं आहे तेच बरं'. कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये सांगितलंच होतं की मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख जड असतं, पुढे १९९२ मध्ये त्यांनी ते साधारण सव्वादोन पट धरलं. पण गॅलरीचा स्लॅब गळून पडतोय, म्हणजे नुसतं बसून राहणं हीपण रिस्कच ना, ती कोणी धरतच नव्हतं.

आणि हुशारीचं म्हणाल तर माझंच सांगतो. मी एक्सेल केली होती, त्यात प्रोजेक्ट किती महिने लांबेल याचा एक रकाना होता, तिथे मी १८ टाकले होते. मग चाळीसवाल्याचा सॅम्पल फ्लॅट बघून आलो, काय तो ओटा, काय ती खिडकी, आणि रात्री त्या १८ चे मी ६ केले. कोणी सांगितलं नव्हतं. आकडेमोड सगळी बरोबर होती हो, फक्त माझं मन जिथे आधीच जाऊन बसलं होतं तिथे मी एक्सेल नेऊन ठेवली.

म्हणून भावना बाजूला ठेवा असंही मी म्हणणार नाही. दामासिओ, बेकारा वगैरे मंडळींनी १९९४ मध्ये पत्त्यांचा एक जुगारी खेळ घेतला, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या लोकांबरोबर. बुद्धी शाबूत, पण तोट्याची गड्डी पुन्हा पुन्हा उचलायचे. तोटा आतून टोचतच नसेल तर नुसतं डोकं काय करणार.

आम्ही शेवटी एवढंच केलं की मतदान पंधरा दिवस पुढे ढकललं आणि काय बघायचं ते (गॅरंटी, भाडं, आधीचे प्रोजेक्ट वेळेत दिले का) आधी कागदावर लिहून घेतलं. २८ वाला तीन मतांनी आला. आता नव्या बिल्डिंगचा नववा स्लॅब टाकून झालाय. चाळीसवाल्यानेही कदाचित वेळेत दिलं असतं, ते आता कळायचं नाही. आणि हो, शेजारच्या त्या एफडीवाल्या मुलाने मत चाळीसवाल्याला दिलं होतं.