कोणत्या कंपनीचं इमान पडत नाही?

'ताई, आमी दारव्हा तालुक्यातले. लेक दुबईले आहे, दिवाळीनंतर तिचं बाळंतपण. जावयानं दोन कंपन्यांची नावं पाठवली, एक स्वस्त, एक महाग. नागपूरपर्यंत रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जाऊ, तिथून मुंबई अन् मंग दुबई. पण अहमदाबादचं इमान पडल्यापासून काळीज थाऱ्यावर नाही. पुतण्या रोज मोबाइलवर अपघात दाखवते अन् म्हणते, काकू, याचं नोको, त्याचं नोको. लेकीले नाही म्हणवत नाही. कोणत्या कंपनीचं इमान पडत नाही, तेवढं सांगा.'

ताई, 'पडतच नाही' अशी कंपनी मला सांगता येणार नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून तिकीट काढू नका. पण कंपनी पारखता येते. त्याला पुतण्याचाच मोबाइल पुरेल.

त्याला दोन याद्या शोधायला सांगा. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना. तिची आयोसा नावाची तपासणी असते. वैमानिकांच्या प्रशिक्षणापासून विमानाच्या देखभालीपर्यंत सगळं बघतात, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा. त्यात पास झालेल्यांची नावं आयाटाच्या संकेतस्थळावर दिसतात. दुसरी, युरोपीय संघाची बंदी यादी, २००६ पासूनची. सुरक्षिततेचा भरवसा नाही त्या कंपन्यांना तिकडे येऊ देत नाहीत. एखाद्या देशाची देखरेखच ढिली असेल, तर तिथल्या झाडून सगळ्या कंपन्या त्या यादीत जातात. देखरेखीला एवढं महत्त्व आहे. आपल्याकडे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएचाही दर्जा अमेरिकेनं जानेवारी २०१४ मध्ये घटवला होता, सुधारणा झाल्यावर एप्रिल २०१५ मध्ये परत दिला.

पहिल्या यादीत नाव आहे, दुसरीत नाही, एवढं जुळलं की माझ्या लेखी स्वस्त-महागाचा प्रश्न मिटला. स्वस्तात जेवण जातं, सामानाचे किलो कमी होतात. देखभालीच्या नियमांत सूट मिळत नाही.

पुतण्या 'तांत्रिक बिघाड, विमान माघारी' अशा बातम्याही दाखवत असेल. मला त्या दिलाशाच्या वाटतात. शंका आली आणि वैमानिक परतला, हेच तर हवं. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं विमान कोळिकोडला पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं, २१ माणसं गेली. चौकशीत निघालं की उतरणं जमत नव्हतं तेव्हा वैमानिकानं विमान पुन्हा वर घ्यायला हवं होतं. म्हणून तुमचं विमान उतरता उतरता एकदम वर गेलं, तर देवाचं नाव घ्या, पण वैमानिकाला शिव्या देऊ नका.

अहमदाबादनं कोणाचंही मन उडेल. १२ जून २०२५ ला विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला. पण जुलैतल्या प्राथमिक अहवालानंही कोणाला दोषी ठरवलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र रोज निकाल लागतात.

मला काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सची, जिची तुम्हाला काहीच भीती नाही! २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स पेटली, २५ जण मेले. तेव्हा दिवसाच्या एसटीनं आदल्या दिवशी नागपूर गाठा आणि रात्र नातलगाकडे काढा. जावई कुरकुरले तर माझं नाव सांगा.

याद्या पाहूनही छातीत धडधड होईलच, ती कंपनी बदलून जात नाही. पंखाजवळची जागा मागा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. उडाल्यावर खालून धडाडधूम आवाज येईल. ती चाकं आत गेली. थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज उतरेल, तो जोर मुद्दाम कमी केलेला असतो. पट्टा बसल्या वेळी बांधूनच ठेवा, डोक्यावरचा पट्ट्याचा दिवा विझला तरी. हवाईसुंदरीला चढतानाच सांगा, 'पहिलीच वेळ आहे, भीती वाटते.' त्यांना त्याची सवय असते. आणि लेकीसाठी लोणचं नेणार असालच, तर बरणी मोठ्या बॅगेत घाला. हातातल्या पिशवीत असली तर नागपुरातच काढून घेतील.