कागद, बांबू आणि केळीच्या सोपटाच्या दिव्याला ‘फिनिशिंग’ कसे द्यावे?

दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आपण केलेला दिवा परीक्षकांनी ‘कल्पना चांगली, पण फिनिशिंग नाही’ म्हणून परत पाठवला आणि आता त्यावर कोणते लॅकर (चमक आणणारा पारदर्शक लेप) मारावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते कोणतेही मारू नये.

हेच वाक्य ऐकवून माझ्या मार्गदर्शकांनी माझ्या हातात लॅकरच्या स्प्रेचा डबा ठेवला होता. मी तो वापरला नाही आणि ‘शाळेतले हस्तकाम’ असा शेरा व त्याला साजेसे गुण पदरात पाडून घेतले. शेजारच्या टेबलावरील दिव्याचा कागद लॅकर पिऊन जागोजागी तेलकट दिसत होता, उजेडही डागाडागांतून येत होता, तरी त्याचे कौतुक झाले, कारण तो चमकत होता.

मी स्प्रेऐवजी एका बुरुडाकडे गेलो. त्याने कागदाकडे पाहिलेच नाही. सांगाड्याची प्रत्येक कामटी (बांबूची चिरलेली पट्टी) दोन्ही टोकांना धरून वाकवली आणि जिथे गोलाई मोडून कोन पडत होता, तिथे ती पातळ आहे हे दाखवून जाड बाजू सुरीने तासली. सुती चिंध्यांपासून हाताने केलेला कागद, म्हणजे हातकागद, ओला झाला की फुगतो आणि वाळताना आकसून सांगाड्याला ओढतो. कामट्या एकसारख्या नसतील तर त्या ओढीने सांगाडाच पिळवटतो. आपल्या दिव्याचा तोल गेला असेल, तर आधी तेथे पाहावे.

कागदाचा जोड कात्रीने कापू नये. ओल्या कुंचल्याने रेघ ओढून तेथून कागद फाडला की सुती चिंध्यांचे तंतू कडेला मोकळे राहतात आणि उजेडात काळी रेघ उमटत नाही; शिवाय जोड कामटीवरच घ्यावा. चिकटवायला, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली मैद्याची खळ वापरावी. सोपट केवळ ‘नैसर्गिक’ दिसावे म्हणून गुंडाळले असेल, तर खुशाल काढून टाकावे.

जपानी-अमेरिकी शिल्पकार इसामु नोगुची यांनी १९५१ पासून जपानमधील गिफूच्या कारागिरांकडून बांबू आणि तुतीच्या सालीच्या कागदाचे दिवे घडवून घेतले. त्यांची सारी शोभा कागदातून गाळून येणाऱ्या उजेडात आहे, हे मी तेव्हाही मार्गदर्शकांना सांगितले होते.

अर्थात, ओल्या हातांनी हाताळायची वस्तू असती तर लेप लागलाच असता, एवढे मार्गदर्शकांचे म्हणणे मान्य करायला हवे. कामट्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवून पूर्ण वाळवल्या नाहीत, तर भुंगा लागून खाली पिठी पडू लागेल. दिवा एलईडीचाच हवा. सादरीकरणाच्या वेळी खोलीतील ट्यूबलाइट आधी बंद करायला लावा आणि मगच बोलायला सुरुवात करा. माझ्या वेळी ती कोणी बंद केली नाही, आणि विझलेल्या दिव्याला गुण देऊन परीक्षक पुढे गेले.