दिवा वाढवू की कमी करू? आधी सावली कुठे पडते ते बघा

तुमचा प्रश्न असा: प्रवाळाच्या खाऱ्या टाकीवर नवा एलईडी लावल्यावर वरच्या दगडावरचं मश्रूम (चपटा मऊ प्रवाळ) पांढुरकं पडून आक्रसलं, खालच्या कोपऱ्यातले झोआ (फुलांसारखे दिसणारे छोटे प्रवाळ) मात्र लांबट होत चाललेत; मग दिवा वाढवायचा की कमी करायचा?

माझं मत, दिव्याला सध्या हात लावू नका, जागा बदला. मश्रूम तळाशी न्या. झोआ वर घ्या, पण एकदम टोकावर नको, निम्म्या उंचीपर्यंतच.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. उजेड कमी पडला की अंगातलं शैवाल वाढून प्रवाळ तपकिरी दिसू लागतो, झोआ तर माना ताणतात. उजेड अचानक वाढला की शैवालाला तो पेलत नाही, अपायकारक ऑक्सिजन तयार होतो आणि प्रवाळ त्या शैवालालाच बाहेर काढतो. तुमच्या मश्रूमचं तेच झालंय. शिवाय एका मर्यादेपुढे शैवालाची भूक भागलेली असते, मग दिवा कितीही वाढवा, वाढ तेवढीच.

मी मालवणात राहतो, दोन फुटांची टाकी आहे. लेदर नावाच्या मऊ प्रवाळाचा वाटीएवढा तुकडा आणला होता, तो छत्रीसारखा पसरत गेला. खालचे झोआ रोडावले तेव्हा मी मीठ बदललं, पाणी बदललं, तीन आठवडे वाया घालवले. एका संध्याकाळी चहाची पांढरी बशी पाण्यात धरली तर निम्मी बशी काळोखात! कडेचे झोआ एसटीच्या खिडकीतून माना काढल्यासारखे उजेडाकडे कललेले. प्रवाळ वाढतो तशी त्याची सावलीही सरकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एलईडी एकाच जागेवरून उजेड टाकतो, म्हणून ही सावली गडद पडते. ट्यूबलाइटचा उजेड पसरतो, तिथे एवढा त्रास नसतो.

मग उत्साहाच्या भरात मी लेदर हलवून झोआ थेट उजेडात आणले. आठ दिवस बंद! शेवटी जुन्या मच्छरदाणीचे दोन थर काचेवर टाकले आणि दर आठवड्याला एकेक काढला. आई म्हणाली, "रे मेल्या, आता दगडाक मच्छरदानी व्हयी?" झोआ उघडले मात्र.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात टर्बिनारिया दिसतो. हा प्रवाळ भरपूर उजेडात उभा, घड्या घालत वाढतो आणि कमी उजेडात ताटासारखा आडवा पसरतो. हा पाहून टाकीत आणायचा मोह होईल, पण तो आणू नका. टर्बिनारियासारखे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे.

मोबाइलच्या लक्स ॲपवर विसंबू नका. लक्सचं माप माणसाच्या डोळ्याला धरून असतं, निळा उजेड त्यात फार कमी भरतो. कोणाकडे पार मीटर (शैवालाला अन्न तयार करायला उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र) मिळाला तर ढोबळ हिशेब असा: मश्रूमला ५० च्या आसपास, झोआला ८० ते १२०, लेदरला १०० ते १५०. दिवा दिवसाला ८ ते ९ तास पुरे. आपल्या दमट हवेत झाकणाच्या काचेवर मिठाचा थर बसतो, तोही उजेड खातो, आठवड्याला पुसा. पण महिनाभराने पुसलीत तर तोही प्रवाळाला अचानक वाढलेला उजेडच.

मे महिन्यात पाणी ३० अंशांकडे जायला लागलं की मी दिवा ६० टक्क्यांवर आणतो. गरम पाण्यात एरवी सोसणारा उजेडही प्रवाळाला झेपत नाही. तुमच्या टाकीचं तापमान तुम्ही लिहिलेलं नाही, ते आज दुपारी तीनला बघा.