महासाथीच्या काळात साधा फ्लूसुद्धा इतका मनावर घ्यायचा का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. कोविडच्या वेळी ‘हा तर फ्लूसारखाच’ म्हणणारे चुकले हे खरे असले, तरी त्यावरून साध्या फ्लूचाही एवढा धसका घ्यायचा का, ही पहिली. घरात कोणाला ताप आला की चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या सासूबाईंना वेगळ्या खोलीत ठेवण्याचा आपला आग्रह घरच्यांना अतिरेकी वाटतो, तो तसा आहे का, ही दुसरी. मी डॉक्टर नाही; गोव्यातील डिचोलीत औषधांच्या दुकानात बावीस वर्षे काउंटरमागे उभा असलेला फार्मासिस्ट आहे. माझ्या मते आपला आग्रह मुळीच अतिरेकी नाही. फक्त वेगळ्या खोलीत सासूबाईंनी नव्हे, ताप आलेल्या माणसाने जायला हवे.

‘साधा फ्लू’ हे शब्द मी दुकानात जवळजवळ रोज ऐकतो आणि ते उच्चारणाऱ्याला बहुतेक वेळा फ्लू झालेला नसतो, पडसे झालेले असते. नाक गळणे, घसा खवखवणे, दोन दिवस अंग जड वाटणे यांना आपण सरसकट फ्लू म्हणू लागलो आणि पडशाचा निरुपद्रवीपणा त्या नावाला चिकटला. इन्फ्लुएन्झा हा वेगळा विषाणू आहे. सकाळी म्हापशाचा बाजार करून आलेला धडधाकट माणूस संध्याकाळी थंडी वाजून अंथरुणात पडतो, सांधे फुटल्यासारखे दुखतात आणि ताप उतरल्यावरही खोकला व थकवा आठवडा-दोन आठवडे हटत नाहीत. बहुतेक जण औषधाविनाही बरे होतात, हेही तितकेच खरे आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर वर्षी जगात सुमारे शंभर कोटी लोकांना हा आजार होतो, त्यांतील तीस ते पन्नास लाखांना तो गंभीर स्वरूपात होतो आणि २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे त्यातून उद्भवलेल्या श्वसनविकारांनी दगावतात. म्हणजे ज्या मापाने आपण कोविड किरकोळ ठरवू पाहत होतो, ते मापच किरकोळ नव्हते.

शिवाय इतिहासातील सर्वांत संहारक साथींपैकी एक फ्लूचीच आहे. १९१८ च्या जूनमध्ये ती मुंबई बंदरातून भारतात शिरली, पावसाळ्यात ओसरल्यासारखी वाटली आणि सप्टेंबरनंतर अशी उसळली की या देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली, त्यांत वीस ते चाळीस वयाची कमावती माणसे फार मोठ्या संख्येने होती. ती साथ फ्लूच्या एच१एन१ या प्रकाराची होती आणि २००९ मध्ये आलेला स्वाइन फ्लू त्याच घराण्यातला. त्याचे वंशज आज हंगामी फ्लू म्हणून दर वर्षी आपल्याकडे येतात. हा विषाणू आपले बाह्यरूप थोडे थोडे बदलत राहतो, त्यामुळे गेल्या वर्षीची प्रतिकारशक्ती यंदा अपुरी पडते. आणि क्वचित पक्षी किंवा डुकरांतील विषाणूंशी जनुकांची अदलाबदल होऊन तो एकदम नवा झाला, की महासाथ येते.

आता थोडे माझ्याविषयी, कारण हे सगळे ठाऊक असूनही मी चुकलो होतो. २०१७ च्या गणेश चवथीच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी पॅरासिटामॉल घेतले, तासाभरात अंग गार झाले आणि मी वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या घरोघरच्या आरत्यांना बाहेर पडलो. घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने होणारी घुमट आरती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळे सांगायला नको: गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली बारा-पंधरा जण दाटीवाटीने उभे राहून पाऊण तास घसा ताणून गातात, खिडक्या पावसामुळे बंद असतात, आणि एका घरातून दुसऱ्या घरात तोच घोळका जातो. श्वसनमार्गातील विषाणूला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. तापाची गोळी ताप उतरवते, संसर्ग उतरवत नाही, हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. स्वतःला मात्र त्या दिवशी सांगितले नाही. तीन दिवसांनी माझी आत्या तापाने पडली आणि पुढे तिला न्यूमोनिया होऊन अकरा दिवस इस्पितळात काढावे लागले. ती बरी झाली, पण देवळाच्या पायऱ्या त्यानंतर तिने हात धरल्याशिवाय चढल्या नाहीत. तिला तो आजार माझ्याकडूनच गेला असे सिद्ध करता येणार नाही. घरात कोणी तसे म्हटलेही नाही, आणि तेच मला अधिक लागते.

फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना तो देऊ शकतो आणि त्यांतले पहिले तीन-चार दिवस सर्वांत जोखमीचे असतात. म्हणून आपल्या घरातील तापकऱ्याने खिडकी उघडी असलेल्या खोलीत राहावे, सासूबाईंच्या खोलीत जाऊ नये, जाणे भागच असेल तर मास्क लावून जावे. म्हाताऱ्या माणसाला कोंडून घालण्यापेक्षा हे सोपे आहे, आणि न्याय्यही.

महासाथ चालू असताना फ्लू अधिक मनावर घ्यावा लागतो, कारण खाटा, ऑक्सिजन आणि परिचारिका दोन्ही आजारांना त्याच लागतात. गोव्यात २५ मार्च २०२० रोजी कोविडचे पहिले तीन रुग्ण सापडले, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे याची कोणाला कल्पना नव्हती. २०२१ च्या मे महिन्यात गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातील) खाटांसाठी माणसे कशी वणवण फिरली, हे इथल्या कोणाला सांगायला नको. पंधरा लाखांच्या या राज्यात कोविडने जवळपास चार हजार माणसे नेली. त्या दिवसांत फ्लूच्या तापानेही प्रत्येक घर तपासणीच्या रांगेत उभे राहिले असते, कारण नुसत्या लक्षणांवरून हे दोन आजार वेगळे ओळखता येत नाहीत.

तसे झाले नाही, कारण फ्लू जगभरातून जवळजवळ नाहीसा झाला होता. मास्क, बंद शाळा, थांबलेले प्रवास यांनी कोविड पुरता आवरला नाही. पण फ्लू त्याच्याहून कमी संसर्गजन्य असल्याने तो पार दबला. फ्लूच्या बी गटातील यामागाटा नावाचा एक प्रकार तर मार्च २०२० नंतर कुठेच खात्रीने आढळलेला नाही, म्हणून लशीतूनही तो आता वगळला जात आहे. वास्कोचा भजनी सप्ताह १८९९ च्या सुमारास एका साथीत लोकांनी दामोदर देवाला घातलेल्या साकड्यातून सुरू झाला असे सांगतात. तो २०२० मध्ये साथीमुळेच मोजक्या माणसांत करावा लागला, तेव्हा पुष्कळांना वाईट वाटले. मलाही वाटले. तरीही त्या वर्षी ज्याने त्याने आपापल्या घरी केलेल्या आरत्यांनंतर आमच्या वाड्यावर चवथीनंतरच्या खोकल्याची नेहमीची लाट आली नाही, हे दुकानातल्या विक्रीवरूनच मला दिसत होते.

निर्बंध उठले आणि फ्लू परतला. २०२३ च्या सुरुवातीला फ्लूच्या एच३एन२ या प्रकाराने देशभर डोके वर काढले, ते आपल्याला आठवत असेल.

औषधांविषयी एवढेच, की अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाहीत आणि ‘तीन दिवसांच्या गोळ्या द्या’ म्हणणाऱ्याला मी त्या चिठ्ठीशिवाय देत नाही, यावरून वाईटपणाही पुष्कळ घेतला आहे. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते. म्हणून सासूबाईंना ताप आल्यास ‘दोन दिवस बघू’ म्हणू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हणजे डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिसही असू शकतो, तेव्हा तपासणीआधी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घरच्या घरी देऊ नये. धाप लागणे, बोलण्यात असंबद्धता, लघवी कमी होणे, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर सरळ इस्पितळ गाठावे.

लस दर वर्षी घ्यावी लागते, शासकीय लसीकरण कार्यक्रमात ती नसल्याने विकत घ्यावी लागते, आणि विषाणूशी चांगली जुळलेल्या वर्षीही ती साधारण चाळीस ते साठ टक्केच आजार टाळते. तरी सासूबाईंसारख्यांना इस्पितळापर्यंत जाण्यापासून वाचवण्यात तिचा वाटा मोठा आहे. परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर वाढतो, म्हणून ती मेमध्येच द्यावी; तेव्हा नव्या हंगामाची लस आली आहे का, एवढे विचारून घ्यावे. त्यांच्याबरोबर घरातील इतरांनीही टोचून घेतली तर उत्तम. आपल्या यजमानांनी तर आधी.