1967 चा फेंडर ॲम्प: 480 डॉलर घालायचे की 1,850?

न्यू जर्सीहून एका वाचकाने विचारलंय. इस्टेट सेलमध्ये त्यांना 1967 चा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा गिटारचा ॲम्प मिळाला, ट्यूबवाला, चालू केला की नुसती घरघर, ट्रेमोलो (आवाज लहरवणारा इफेक्ट) बंद. टेकने (ॲम्प दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनने) दोन कोटेशन दिलीत, नुसती दुरुस्ती 480 डॉलर, आणि "पूर्ण मॉडर्न" करून 1,850, त्यात मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचं बटण), इफेक्ट्स लूप (पेडल जोडायची जागा), नवा ट्रान्सफॉर्मर, नवा स्पीकर सगळं आलं. पैसे क्रेडिट कार्डवर टाकायचे आणि चार वर्षांनी पुण्याला परत जायच्या वेळी चढ्या भावाने विकायचा, नाहीतर सोबत न्यायचा. गुंतवणूक म्हणून हे बरोबर आहे का?

480 वालं काम करा, आणि लवकर करा. 1,850 वालं नको, कार्डवर तर अजिबातच नको.

480 मध्ये मुख्य काम फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारे भाग) बदलायचं आहे. हे कपॅसिटर साधारण पंधरा-वीस वर्षांत सुकायला लागतात आणि तुमचे मूळचेच असतील तर पन्नाशी कधीच ओलांडून गेलेत, घरघर बहुतेक त्यांचीच. त्यातला एखादा शॉर्ट झाला तर रेक्टिफायर ट्यूब (एसीचा डीसी करणारी) जाते, कधीकधी पॉवर ट्रान्सफॉर्मरही जातो, आणि ओरिजिनल ट्रान्सफॉर्मर गेला की किमतीचा मोठा तुकडा गेला. दुसरं म्हणजे वायर. त्या काळच्या दोन पिनच्या वायरीसोबत मेन्स ते चॅसी (ॲम्पचा आतला धातूचा सांगाडा) असा एक कपॅसिटर असतो, गिटारवाले त्याला "डेथ कॅप" म्हणतात, तो बिघडला तर करंट चॅसीतून गिटारच्या तारांपर्यंत येऊ शकतो. तो काढून तीन पिनची अर्थिंगवाली वायर लावून घ्या, याने किंमत पडत नाही, उलट घेणारा ते बघतोच. आणि प्लीज, पैसे वाचवायला स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत 400 व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.

नऊच्या नऊ ट्यूब बदलायला सांगितल्या असतील तर आधी टेस्ट करायला लावा, फक्त मेलेल्या बदला. नव्या ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात, 2022 मध्ये रशियाचा माल अडकल्यावर भाव किती वाढले होते ते गिटारवाल्यांना आठवत असेल. चांगल्या निघालेल्या जुन्या आरसीए (अमेरिकन कंपनी) वगैरे ट्यूबना गिऱ्हाईक असतं, त्या टेककडे सोडून येऊ नका.

आता 1,850 वालं. लिओ फेंडरने 1965 मध्ये कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली, नंतर 1968 च्या सुमारास ॲम्पचं काळं पॅनल जाऊन चंदेरी आलं. तुमचा 1967 चा, म्हणजे काळ्या पॅनलचे शेवटचे दिवस, आणि घेणारा त्याच काळ्या ॲम्पचे जास्त पैसे देतो, पण आतलं सामान मूळचं असेल तरच. तो स्पीकरवरचा कोड वाचणार (465 ने सुरू झाला तर ऑक्सफर्ड कंपनीचा, 220 ने तर जेन्सनचा), ट्रान्सफॉर्मरवरचाही वाचणार. इफेक्ट्स लूपसाठी चॅसीला भोक पाडलं की ते परत बुजत नाही. म्हणजे 1,370 डॉलर जास्त घालून तुम्ही किंमत खाली आणताय. मॉडर्न साउंड हवा असेल तर पेडल घ्या, कमी आवाजात वाजवायचं असेल तर ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसणारा ॲटेन्युएटर घ्या, दोन्ही नंतर वेगळे विकता येतात.

कार्डचं व्याज वीस टक्क्यांच्या पुढे असतं, आणि ॲम्प काही व्याज देत नाही. शिवाय घरगुती वापराची वस्तू फायद्यात विकली तर टॅक्स लागू शकतो, तोट्यात विकली तर तो तोटा मात्र वजा मिळत नाही. म्हणून याला गुंतवणूक म्हणू नका, छंदाच्या पैशातून करा. 401(के) (नोकरीतलं निवृत्ती खातं) मधला कंपनी मॅच, म्हणजे कंपनीची भर, पूर्ण घेताय ना आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे ना, तेवढं बघा, असेल तर 480 निर्धास्त घाला, छंदावर पैसे घालणं मला अजिबात वावगं वाटत नाही.

पुण्याचं म्हणाल तर तिथे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, अमेरिकन ट्रान्सफॉर्मर 60 हर्ट्झचा, नुसता स्टेपडाउन (व्होल्ट कमी करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर) लावला तरी तो जास्त तापू शकतो. पण त्यासाठी आत्ताच नवा बसवायचं कारण नाही, जायचं नक्की झालं की बघू, आणि तेव्हा बदलला तरी जुना जपून ठेवा. तोपर्यंत काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून, बिलासकट मागून घ्या, आणि मंडळाच्या कार्यक्रमात मानधन घेऊन वाजवत असाल तर घराच्या इन्शुरन्सवाल्याला आधी विचारा, पैसे घेऊन केलेलं वाजवणं बऱ्याच पॉलिसी कव्हर करत नाहीत.