‘आई प्रभूजवळ आहे, मग रडतेस कशाला?’

‘आई प्रभूजवळ गेली याबद्दल मला शंका नाही. मग रोज रडू का येतं? माझा विश्वास कमी पडतोय का?’ माझ्याकडे समुपदेशनासाठी नंदुरबारहून आलेल्या एका शिक्षिकेने हा प्रश्न विचारला. श्रद्धाळू घरांतून तो मला सारखा ऐकू येतो. वारकरी घरातली सूनही ‘सासूबाई वैकुंठाला गेल्या’ म्हणते आणि डोळे पुसताना ओशाळते. या शिक्षिका ताईंच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंच्या आई ७९ व्या वर्षी गेल्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नवापूर तालुक्यात मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. तिथल्या चिंचपाड्याला १९४२ पासून मिशनचं हॉस्पिटल आहे. अशा दवाखान्यांतून या भागात सिस्टरांची एक पिढीच घडली. ड्यूटी आणि प्रार्थना त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. आई पेशंटशी मावची या आदिवासी बोलीत बोलायच्या, शेजारणींशी अहिराणीत आणि चर्चमध्ये पुस्तकी मराठीत. मंडळीत त्यांना मोठा मान होता.

वर्ष होत आलं तशी स्मरणाची उपासना ठरली. चर्चच्या पाळकसाहेबांनी थोरली लेक म्हणून ताईंना चार शब्द बोलायला सांगितलं. त्यांना ओळ सुचेना. दफनविधीपासून मावशी, काका, चर्चमधल्या बायका एकच सांगत होत्या, ‘विश्वासणाऱ्यांनी असा शोक करायचा नसतो.’ ताई शाळेच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायच्या.

कागदावर त्यांनी एवढंच लिहिलं होतं: प्रार्थनाशील, सेवाभावी, प्रभूची विश्वासू दासी. सगळं खरं, पण हे शब्द कुणाच्याही आईला लागू पडले असते. मी म्हटलं, पुढच्या वेळी आईचं बायबल घेऊन या.

बायबलची शिवण उसवलेली, दवाखान्यातल्या चिकटपट्टीने जोडलेली. पानापानांत चिठ्ठ्या. किराण्याच्या बिलामागे, औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, बारीक अक्षरात नावं. भाजलेल्या एका पोराचं, दारू सुटत नसलेल्या शेजाऱ्याचं, मुलगी आजारी असलेल्या एसटी कंडक्टरचं. पहाटे साडेचारला उठून आई ही नावं मोठ्याने घ्यायच्या. अंथरुणात पडल्या पडल्या पोरं, नातवंडं ती ऐकायची. धाकट्या मुलाचं नाव बऱ्याच चिठ्ठ्यांवर होतं. त्याने धर्माबाहेर लग्न केलं म्हणून आई दोन वर्षं त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. चिठ्ठ्यांवरच्या तारखा नेमक्या त्या दोन वर्षांतल्या.

‘बोलत नव्हती, पण रोज नाव घेत होती?’ ताई म्हणाल्या. मग बराच वेळ चिठ्ठ्या चाळत बसल्या.

त्याच दिवशी त्यांनी आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. शेवटच्या महिन्यांत आईंना इन्शुलिन चालू होतं. इंजेक्शन घेतलं की वेळेवर जेवणं भाग, आणि आईंची प्रार्थना संपता संपायची नाही. एकदा ताई कावल्या, ‘आता आमेन म्हण आणि जेव!’ आई गुपचूप जेवल्या. ते वाक्य ताईंना छळत होतं. गेलेल्या माणसाला एकदा संतपदाला बसवलं की त्याच्यावर रागावता येत नाही, त्याची माफीही मागता येत नाही. अशा घरांत दुःख फार अडून बसतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहते. हट्टी, करारी, लेकाशी अबोला धरणारी आई परत मिळाल्यावरच ताईंना मोकळं रडता आलं.

शास्त्राचा अर्थ सांगणं माझं काम नाही. मी फक्त विचारलं, पवित्र शास्त्रात कुणी रडलंय का? ताई चटकन हसल्या. लहानपणी जेवायच्या आधी आई प्रत्येकाकडून एक वचन म्हणून घ्यायच्या आणि पोरं सगळ्यात छोटं म्हणून मोकळी व्हायची: ‘येशू रडला.’ योहान, अध्याय ११, वचन ३५. मेलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत करणार आहोत हे ठाऊक असूनही येशू लाजराच्या बहिणीचं, मरीयेचं रडणं पाहून रडला. नातेवाईक ज्या वचनाचा आधार घेत होते ते घेऊन ताई पाळकसाहेबांकडे गेल्या. त्यांनी पूर्ण वाचून दाखवलं: थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौल लिहितो ते आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका, असं. खेदच करू नका, असं नाही.

माझ्या विषयातलं थोडं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच अवस्था (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) मुळात स्वतः मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांबद्दल होत्या. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हे. क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये मांडलं की गेलेल्याशी नातं तोडावं लागत नाही, ते रूप बदलून चालू राहतं. दुःखाचा आजार होतो तो वेगळा. सहा महिन्यांहून अधिक काळ, रीतीरिवाजाला धरून असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त तळमळ राहते आणि रोजची कामंच थांबतात. ताई शाळा, घर सगळं सांभाळत होत्या. ज्यांची झोप-जेवण तुटलंय, जगणं नको वाटतंय, त्यांनी वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो.

ताईंची मुलगी बारावीला होती, आजीच्या हाताखाली वाढलेली. ती गप्प झाली होती. घरच्यांना वाटलं अभ्यासाचं टेन्शन. ताई तिला माझ्याकडे घेऊन आल्या. आजी करायची त्या बिबड्यांबद्दल (ज्वारीचे पापड), पहाटेच्या आवाजाबद्दल बोलता बोलता ती म्हणाली, ‘माझं नाव आता रोज कोण घेणार?’ ताईंनी तिला जवळ ओढलं. दोघी रडल्या. वर्षभरात पहिल्यांदाच एकमेकींसमोर.

उपासनेत ताईंनी चिठ्ठ्यांवरची नावं वाचली. निम्म्यात आवाज फुटला, थांबल्या, पुन्हा वाचायला लागल्या. इन्शुलिनची गोष्ट तिथे सांगितली नाही. ती रात्री भावाला सांगितली. एक काका नंतरही म्हणालेच, ‘रडायला नको होतंस.’ ताईंनी त्यांना चहा दिला, वाद घातला नाही.

चिठ्ठ्या भावंडांनी वाटून घेतल्या. धाकटा भाऊ चर्चला जात नाही. भाचीच्या नावाची चिठ्ठी त्याने स्वतःहून मागून घेतली. तेव्हापासून तो तिला दर सोमवारी सकाळी फोन करतो. बारावीचा निकाल लागून गेला तरी तो फोन चालू आहे.